व्हॉल्व्ह : पडद्यावरून गेले, कानात राहिले

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोरबाजार, व्हॉल्व्हची खोकी घेऊन बसलेला विक्रेता मालाचे दोन ढीग करतो. ईएल३४, ईएल८४, ईसीसी८३ या ढिगाला हात लावला की तो भाव सांगतो आणि खाली यायचं नाव घेत नाही. पीएल५०४, पीवाय८८, डीवाय८७ यांच्याकडे बोट दाखवलं की म्हणतो, "न्या सगळे, काय द्यायचं ते द्या." पहिला ढीग अॅम्प्लिफायरचा, दुसरा टीव्हीचा. घराणं एक, काच-निकेल-टंगस्टन तेच, बरेचदा कारखानाही एकच. तरी एकाला मान आणि दुसरा भंगारात.

असं का झालं, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. चित्रातला दोष डोळा माफ करत नाही. आवाजातले काही दोष मात्र कानाला चक्क आवडतात. व्हॉल्व्हचं पुढचं नशीब या एका फरकाने ठरवलं. त्यात जादू किती आणि हौस किती, हे वेगळं करून पाहायला हवं, कारण या विषयात भाबडेपणा फार आणि तितकाच तुसडेपणाही.

व्हॉल्व्ह म्हणजे निर्वात नळी. मूळ यंत्र साधं आहे. दिव्याच्या काचा आतून काळ्या का पडतात याचा छडा लावताना एडिसनला १८८० च्या दशकात दिसलं की, तापलेल्या तारेपासून निर्वात जागेतूनही वीज वाहते. त्याने पेटंट घेतलं आणि विषय सोडून दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक आणि मार्कोनी कंपनीचे सल्लागार जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये त्यातूनच डायोड केला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली द फॉरेस्टने मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, बसवली आणि ट्रायोड जन्माला आला. गंमत अशी की आपला शोध नेमका कशाने चालतो हे खुद्द द फॉरेस्टला उमगलं नव्हतं. नळीत थोडा वायू हवाच असं तो धरून चालला होता. हवा जितकी पक्की काढावी तितकी नळी चांगली चालते, हे हॅरॉल्ड अर्नोल्ड आणि अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखवून दिलं. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन सुरू झाला तो याच सुधारलेल्या नळ्यांच्या जोरावर. १९२६ मध्ये फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेनने पेंटोड काढला आणि पुढच्या चाळीस वर्षांची पायाभरणी झाली.

कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. आतल्या फिलामेंटने तो सातशे-आठशे अंश सेल्सिअसला तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि अडीचशे-तीनशे व्होल्टवर बसलेल्या अॅनोडकडे ओढले जातात. वाटेतली ग्रिड कॅथोडला अगदी खेटून असते, त्यामुळे तिच्यावरचा विद्युतदाब एखाद्या व्होल्टने हलला की अॅनोडवर त्याच्या कित्येक पट फरक पडतो. काचेच्या टोकाशी आरशासारखा चमकणारा डाग दिसतो तो बेरियमचा. आत राहिलेला किंवा नंतर सुटणारा वायू तो शोषून घेतो. हा डाग पांढराफटक पडला असेल तर नळीत हवा शिरली म्हणून समजा. घेताना एवढं पाहिलं तरी निम्मी फसवणूक टळते.

आता टीव्हीकडे. आधी हे ध्यानात घ्यायला हवं की टीव्हीतला सर्वांत मोठा व्हॉल्व्ह म्हणजे पिक्चर ट्यूबच. कार्ल फर्डिनांड ब्राउनने १८९७ मध्ये स्ट्रासबुर्गला केलेली कॅथोड किरण नळी हा तिचा पूर्वज. ती चालवायला आणखी लहान नळ्यांची फौज लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पहिल्यांदा मोठ्या संख्येने खपलेला संच म्हणजे १९४६ चा आरसीए ६३०-टीएस. पडदा दहा इंची, आणि त्यासाठी तीसेक नळ्या! तिथे औषधांच्या दुकानातही व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र ठेवलेलं असे. गिऱ्हाईक घरच्या टीव्हीतल्या नळ्या पिशवीत घालून आणी, एकेक तपासून बघे आणि गेलेली तिथेच बदलून घेई. एखादी वस्तू इतक्या वेळा बिघडते की तिच्या तपासणीचं यंत्र औषधवाल्याला परवडतं, यातच टीव्हीच्या व्हॉल्व्हची सगळी कुंडली आली.

युरोपीय पद्धतीच्या संचांत, आणि म्हणून आपल्याकडच्याही, नळ्यांच्या नावातच त्यांची कामं लिहिलेली असत. पहिलं अक्षर फिलामेंटचं: ई म्हणजे ६.३ व्होल्ट, पी म्हणजे ३०० मिलिअँपिअर. पुढची अक्षरं आतल्या मांडणीची: सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे पेंटोड, एल म्हणजे पॉवर पेंटोड, वाय म्हणजे रेक्टिफायर. पीसीएल८६ वाचलं की एकाच काचेत एक ट्रायोड आणि एक पॉवर पेंटोड आहे हे कारागिराला कळे. टीव्हीत 'पी' मालिका वापरण्याचं कारण पैशाचं होतं. सगळ्या फिलामेंट एकामागे एक जोडून थेट मेन्सवर टाकल्या की महागडा ट्रान्सफॉर्मर वाचतो. मात्र गणपतीच्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझते, तशी एक फिलामेंट तुटली की सगळा संच गार. शिवाय अशा संचाची चासी मेन्सच्या एका वायरीला जोडलेली असे. पिन उलटी खुपसली की सांगाडाच जिवंत!

खरा जोर लागे तो लाइन आउटपुटला. आपल्या ६२५ रेघांच्या पद्धतीत इलेक्ट्रॉनची शलाका सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जाऊन परत यावी लागते. हे काम पीएल३६, पीएल५०४ यांसारख्या दणकट नळ्या करत. लहान मुलांना टीव्हीच्या मागून बारीक शिट्टी ऐकू येई ती लाइन आउटपुटच्या ट्रान्सफॉर्मरची. मोठ्यांच्या कानांपर्यंत ती पोचत नसे आणि पोरं खोटं बोलतात असं ठरे. शलाका झटक्यात मागे येते त्या क्षणी ट्रान्सफॉर्मरमध्ये उठणारा दाब आणखी वाढवून आणि रेक्टिफाय करून पिक्चर ट्यूबला पंधरा-सोळा हजार व्होल्ट दिले जात. ते रेक्टिफाय करणाऱ्या डीवाय८७ ची फिलामेंट कशी पेटवायची? एवढ्या दाबावर बसलेल्या नळीला वेगळी वायर देणं धोक्याचं. मग त्याच ट्रान्सफॉर्मरभोवती जाड इन्सुलेशनच्या वायरीचा एखाददुसरा वेढा घेऊन तिचं भागवत. ही युक्ती मला आजही अफलातून वाटते. शलाका मागे येताना वाया जाणारी ताकद पीवाय८८ पुन्हा कामाला लावी, ती वेगळीच.

कारागीर पडदा बघून रोग सांगत. आवाज आहे, पडदा काळा : लाइन आउटपुट बघा. पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ : व्हर्टिकल गेलं. मागचं झाकण काढल्यावर पीएल५०४ चा अॅनोड लालबुंद दिसला तर दोष बहुधा तिचा नसून तिला चालवणाऱ्या ऑसिलेटरचा. ग्रिडवरचा उणा दाब गेला म्हणून ती बिचारी मर्यादेबाहेर वीज ओढत असते. नवशिका ती नळी बदलतो, आणि नवी नळीही पाच मिनिटांत लाल होते. पिक्चर ट्यूब थकली, चित्र फिकं आणि चंदेरी दिसू लागलं की फिलामेंटला थोडा जास्त दाब देणारा छोटा 'बूस्टर' लावत. म्हाताऱ्या ट्यूबला त्याने आणखी काही महिने मिळत, कधी वर्षही.

आपल्याकडे दिल्लीत दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाली, पण मुंबई केंद्र उजाडायला २ ऑक्टोबर १९७२ लागला. तोवर पाश्चात्त्य देशांत व्हॉल्व्हचे दिवस भरत आले होते. सोनीने १९६० मध्येच संपूर्ण ट्रान्झिस्टरचा छोटा टीव्ही बाजारात आणला होता. मोटोरोलाच्या क्वेझारने १९६७ मध्ये रंगीत टीव्हीतही तोच मार्ग धरला. म्हणून सत्तरच्या दशकात इथे विकले गेलेले बरेच संच मिश्र होते. बारीकसारीक कामांना ट्रान्झिस्टर आणि जिथे दाब किंवा ताकद लागते तिथे व्हॉल्व्ह. सरकते दरवाजे, कुलूप, वर विणलेला रुमाल आणि शेजारी स्टॅबिलायझर असं ते देवघर. स्टॅबिलायझर मात्र शोभेचा नव्हता. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चित्र दोन्ही बाजूंनी आत ओढलं जाई. 'छायागीत' ऐन रंगात आलेलं असताना चित्र खालून वर पळू लागलं की कुणीतरी उठून व्हर्टिकल होल्डचं बटण चिमटीत धरून बसे. सगळं तापलं की व्हॉल्व्ह आणि भोवतीचे भाग थोडे सरकत, म्हणून ही बटणं द्यावी लागली होती.

टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले तेव्हा कुणी हळहळलं नाही, आणि ते बरोबरच होतं. उष्णता, वजन, दीड-दोनशे वॉट वीज, वारंवारची दुरुस्ती आणि डळमळणारं चित्र यांत जपावं असं काही नव्हतं. रंगीत संचांत तर आणखी एक भानगड निघाली. त्यांत उच्च दाब वीस-पंचवीस हजार व्होल्टच्या घरात, आणि तो स्थिर ठेवणाऱ्या नळ्यांमधून क्ष-किरण बाहेर पडू शकत. १९६७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या रंगीत संचांत हे मर्यादेबाहेर आढळलं, हजारो संच दुरुस्त करावे लागले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत किरणोत्सर्गावर कायदा झाला. पिक्चर ट्यूब तेवढी एकविसाव्या शतकापर्यंत टिकली, कारण तिला पर्यायच उशिरा आला.

आवाजाच्या प्रांतात गोष्ट वेगळी घडली. १९२७ मध्ये बेल लॅबच्या हॅरॉल्ड ब्लॅकला न्यू जर्सीहून फेरीबोटीने कामावर जाताना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि त्याने ती हातातल्या वर्तमानपत्रावर उतरवली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून आत द्यायचा, म्हणजे अॅम्प्लिफायर स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करतो. युद्धानंतर ब्रिटिशांनी यावर कळस चढवला. हॅरॉल्ड लीकच्या लंडनमधल्या कंपनीने 'पॉइंट वन' अॅम्प्लिफायर काढला. नावाचा अर्थ विकृती ०.१ टक्का. १९४७ मध्ये डी. टी. एन. विल्यमसनने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात दोन केटी६६ वापरून पंधरा वॉटचं सर्किट दिलं आणि जगभरच्या हौशी लोकांनी ते घरी बांधलं. १९५१ मध्ये हॅफ्लर आणि केरोस यांनी अल्ट्रा-लिनिअर जोडणी आणली, १९५३ मध्ये क्वाड टू आला, मलार्डने पाच नळ्यांत दहा वॉट देणारं 'फाइव्ह-टेन' सर्किट प्रसिद्ध केलं, आणि १९५९ च्या डायनॅको एसटी-७० ने चांगला स्टीरिओ मध्यमवर्गीय अमेरिकन घरात नेला.

हा सगळा खटाटोप आवाजात व्हॉल्व्हचा 'रंग' यावा म्हणून नव्हता, तो पुसून टाकण्यासाठी होता. आज व्हॉल्व्हच्या उबदार आवाजावर भरभरून लिहिणारे नेमकं हेच विसरतात. विल्यमसन किंवा क्वाडचे पीटर वॉकर यांना कुणी "तुमचा अॅम्प्लिफायर उबदार वाजतो" असं म्हटलं असतं तर त्यांनी तो अपमान मानला असता.

मग उबदारपणाची कथा आली कुठून? दोन कारणं ठळक आहेत. साठच्या दशकातले पहिले ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर खरोखरच कर्कश होते. मंद आवाजात, लाट शून्य ओलांडताना त्यांची जी विकृती होई ती कानाला टोचे. दुसरं कारण अतिभाराचं. मर्यादेबाहेर ढकललं की व्हॉल्व्ह लाटेचं टोक हळूहळू चपटं करतो, ट्रान्झिस्टर ते कापून टाकतो. रसेल हॅमने १९७३ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं की, माइकचे प्रीअॅम्प्लिफायर अशा अतिभारात जातात तेव्हा ट्रायोडमध्ये दुसरा हार्मॉनिक वरचढ असतो आणि ट्रान्झिस्टरमध्ये तिसरा. दुसरा हार्मॉनिक म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. 'सा' मध्ये तार 'सा' मिसळला तर कुणाची तक्रार असेल?

अतिभार नसताना मात्र गोष्ट बदलते. १९७८ मध्ये जेम्स मॉइर यांनी क्वाडचाच व्हॉल्व्हवाला क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरवाले ३०३ व ४०५ पडद्याआड ठेवून जाणत्या श्रोत्यांना ऐकवले. कुणालाही ते खात्रीने ओळखता आले नाहीत. १९८५ मध्ये बॉब कार्व्हरने अमेरिकेतल्या 'स्टीरिओफाइल' मासिकाच्या संपादकांना आव्हान दिलं, आपल्या स्वस्त ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरमध्ये फेरफार केले आणि त्यांच्या पसंतीच्या महागड्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरसारखा तो वाजवून दाखवला. म्हणजे 'व्हॉल्व्हचा आवाज' ही मोजता आणि घडवता येणारी चीज आहे. तिचा मोठा वाटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरच्या नात्यातून येतो. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरची स्पीकरवरची पकड ढिली असते, त्यामुळे खर्ज थोडा फुगतो आणि बऱ्याच जणांना तो गोड लागतो.

याचं टोक म्हणजे सिंगल-एंडेड ट्रायोड. वेस्टर्न इलेक्ट्रिकची ३००बी ही तीसच्या दशकातली नळी सिनेमागृहांच्या ध्वनियंत्रणांतून आली. जपानी शौकिनांनी ती पुन्हा डोक्यावर घेतली. एका नळीतून आठेक वॉट, फीडबॅक जवळपास नाही आणि विकृती ट्रान्झिस्टरच्या कितीतरी पट. तरी ठुमरी किंवा सारंगी यावर ऐकताना समोर माणूस बसल्यासारखा वाटतो, हे मी नाकारणार नाही. मात्र त्याला अचूक पुनर्निर्मिती म्हणू नये. तो एक संस्कार आहे, आणि आवडत असेल तर जरूर घ्यावा. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या नव्या जोडीला दीड हजार डॉलरच्या घरात मोजावे लागतात, हे तेवढं आधी घरात सांगून ठेवावं.

व्हॉल्व्हला निर्विवाद जागा आहे ती गिटार अॅम्प्लिफायरमध्ये. १९६२ मध्ये जिम मार्शलच्या लंडनच्या दुकानात फेंडरच्या बेसमनवरून जेटीएम४५ बेतला गेला आणि रॉकचा तो फाटका, तरी गाणारा स्वर घडला. इथे अॅम्प्लिफायर हाच वाद्याचा भाग असतो. तंबोऱ्याच्या जवारीला कुणी विकृती म्हणत नाही. गिटारवाल्यांच्या मागणीवरच आज व्हॉल्व्हचे कारखाने चालतात, ऑडिओ शौकीन त्यांच्या ताटातलं खातात.

आपल्या देशात व्हॉल्व्हचा खरा उपयोग दिवाणखान्यापेक्षा मैदानात झाला. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ व्हॉल्व्हवरचा. त्याला उपकरणं पुरवणारे नानिक मोटवानी यांची शिकागो रेडिओ कंपनी काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवत असे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बनलेल्या आणि १९६० मध्ये चालू झालेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे २,७०० नळ्या होत्या. मर्फीचे रेडिओ ठाण्यात तयार होत. तंबूतला सिनेमा, तमाशाचे फड, गणेशोत्सवाचे कर्णे, सगळ्यांमागे याच तापलेल्या नळ्या. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रिसीव्हिंग व्हॉल्व्ह करायला घेतले, आणि 'बेल'चा शिक्का असलेल्या नळ्यांना आज परदेशी खरेदीदारही विचारतात. त्याच कंपनीचं पुण्याचं युनिट १९७९ मध्ये सुरू झालं तेही एका निर्वात नळीसाठीच, रात्री पाहता यावं म्हणून लागणाऱ्या इमेज कन्व्हर्टर ट्यूबसाठी. आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन? तोही व्हॉल्व्हच. घरात व्हॉल्व्ह उरला नाही असं म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघरात डोकावावं.

आज नव्या नळ्या मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात: रशियातलं सारातोव्ह, स्लोव्हाकियातली जेजे कंपनी आणि चीन. रशियात कारखाने टिकले ते लष्करामुळे. १९७६ मध्ये एक सोव्हिएत वैमानिक मिग-२५ घेऊन जपानला पळाला, तेव्हा आतले व्हॉल्व्ह पाहून पाश्चात्त्य तज्ज्ञ थक्क झाले होते. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर बंधनं आणताच जगभर भाव चढले. काही आठवड्यांत परवान्यावर माल पुन्हा सुटला, पण पुरवठ्याचा धागा किती बारीक आहे ते दिसलं.

जाता जाता टीव्हीच्या ढिगाबद्दल. पीसीएल८६ आणि ईसीएल८६ यांच्यात फरक फक्त फिलामेंटचा. पीसीएल८२ आणि ईसीएल८२ यांचंही तेच. त्यामुळे फिलामेंटला हवी तशी वीज दिली की चांगला छोटा अॅम्प्लिफायर निम्म्याहून कमी खर्चात होतो. ज्युलियस फटरमनने पन्नासच्या दशकात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच काढून टाकणारं सर्किट केलं. अशा सर्किटला भरपूर विद्युतप्रवाह देणाऱ्या नळ्या लागतात, आणि त्या मिळतात टीव्हीच्या लाइन आउटपुटमध्येच. पीएल५०४ आणि पीएल५१९ त्यासाठी आजही वापरतात.

माळ्यावर जुना संच असेल तर एक विनंती. बघूया चालतो का म्हणून तो थेट प्लगला लावू नका. आतले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वर्षानुवर्षांत सुकलेले किंवा गळके झालेले असतात; आधी ते बदलून घ्या आणि पहिल्यांदा वीज द्याल ती सिरीज लॅम्पमधूनच. टीव्ही असेल तर मागचं झाकण जाणत्या माणसाशिवाय काढू नका, कारण प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूब बराच काळ भारित राहते. आणि ओळखीत एखादे जुने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे काका दुकान बंद करत असतील, तर त्यांच्या कपाटातली सर्किट डायग्राम आणि सर्व्हिस मॅन्युअलं रद्दीत जाण्याआधी मागून घ्या. व्हॉल्व्ह अजून विकत मिळतात. भारतीय संचांची ती कागदपत्रं सहसा मिळत नाहीत.